ढगातली नोकरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

कला शाखेच्या मुलीने संगणकाच्या धंद्यावर लेख लिहावा, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. वाटो बापडा! हा लेख ज्ञान पाजळण्यासाठी लिहिलेला नाही. आमच्या घरात पन्नास हजार रुपयांचा एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता तो तयार झाला.

झाले असे, की २०२५ च्या मे महिन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका क्लासचा भलामोठा फलक लागला. ‘सहा महिन्यांत क्लाउड इंजिनिअर व्हा! कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल! नोकरीची हमी!’ फी पन्नास हजार. माझा आतेभाऊ ऐरोलीला एका कंपनीत याच कामावर आहे, त्यामुळे घरात या शब्दाची दहशत नव्हती. आई म्हणाली, “माझ्या दोन बांगड्या आहेत. गहाण टाकू आणि तू शीक. भूगोल घेऊन पुढे काय करणार आहेस?” बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हा ते हिशेब करीत असतात.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “दिवाळीला येतो तेव्हा बोलू. तोपर्यंत पैसे भरू नकोस.” त्याच्या आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. तेव्हा क्लाउड म्हणजे नक्की काय, त्यात माणसे कोणते काम करतात आणि ही नवी कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांचे काय करणार आहे, हे आपणच समजून घ्यावे असे मी ठरवले.

आपल्याकडचा ढग आणि संगणकाचा ढग

‘क्लाउड’ म्हणजे ढग. कोणी याला ‘मेघसंगणन’ असेही म्हणतात. पण हा शब्द कँटीनमध्ये उच्चारला तर चहा थंड होईल, म्हणून आपण क्लाउडच म्हणू. आपल्या कर्जत-खालापूरकरांना ढग नवा नाही. जूनमध्ये तो माथेरानच्या आणि राजमाचीच्या डोक्यावर येऊन बसतो, तो गणपतीपर्यंत काही उठत नाही. संगणकाच्या ढगाचा मात्र पावसाशी संबंध नाही. ते एक टोपणनाव आहे. आपली माहिती आणि आपले काम आपल्या समोरच्या यंत्रात न राहता दूरच्या कोणाच्या तरी मोठ्या यंत्रशाळेत राहते, ती यंत्रशाळा आपल्याला दिसत नाही, म्हणून ‘ढग’ म्हणायचे, इतकेच.

हे नीट समजण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. खोपोलीपर्यंत गेले तरी पुरे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या प्रत्येक कापड गिरणीला स्वतःची शक्ती स्वतः निर्माण करावी लागे. आवारात कोळशाचा ढीग, बॉयलर, वाफेचे इंजिन, धुराडे आणि रात्रंदिवस भट्टीत कोळसा ओढणारी माणसे. जमशेटजी टाटांनी घाटमाथ्यावरच्या पावसापासून वीज करण्याची कल्पना उचलून धरली. ती पुरी झालेली पाहायला ते राहिले नाहीत. १९०४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलांनी काम तडीस नेले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी अडवले, ते मोठमोठ्या नळांतून घाट उतरवून खोपोलीला आणले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून सुमारे सत्तर किलोमीटर दूरच्या मुंबईला वीज जाऊ लागली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. गिरणीमालकाला आता बॉयलर नको, कोळसा नको. तारेतून वीज घ्यायची आणि मीटरप्रमाणे पैसे भरायचे.

क्लाउडची गोष्ट हीच आहे. पूर्वी प्रत्येक बँक, प्रत्येक मोठे कार्यालय आपल्या इमारतीत एक थंडगार खोली राखून तिथे स्वतःचे सर्व्हर ठेवी. २००६ साली अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने साठवणुकीची जागा आणि संगणकाची शक्ती तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. मागोमाग मायक्रोसॉफ्ट आणि गूगल आले. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपापली केंद्रे उघडली. आज ऐरोली, रबाळे, महापे येथे आणि आपल्या शेजारच्या पनवेलजवळ ज्या खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात, त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आपला ‘ढग’ तो हाच. तो सिमेंटचा आहे आणि त्याला सुरक्षारक्षक आहे.

ही केंद्रे नवी मुंबईच्याच पट्ट्यात का, हा भूगोलाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय दळणवळणाच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, खात्रीची वीज या भागात मिळते, औद्योगिक जमीन आहे आणि बँका व शेअर बाजार यांसारखी मोठी गिऱ्हाइके जवळ आहेत. कारखाना कुठे वसतो याचे प्रथम वर्षाला शिकलेले नियम इथेही लागू पडतात.

या धंद्यातली पहिली पायरी

मग या ढगात माणसे काय करतात? दादाच्या सांगण्यावरून मला समजले ते असे.

सगळ्यांत खाली पहारा. पडद्यावर शेकडो यंत्रांची नाडी दिसत असते. एखादे अडखळले की इशारा येतो. पहाऱ्यावरचा मुलगा तो पाहतो, त्याचे ‘तिकीट’ फाडतो (या धंद्यात तक्रारीला तिकीट म्हणतात), ठरवून दिलेल्या कागदाप्रमाणे दोन-चार उपाय करतो आणि जमले नाही तर वरच्याला उठवतो. त्याच्या वर मदतनीस इंजिनिअर. तो ग्राहकाच्या अडचणी सोडवतो. त्याच्या वर यंत्रांची मांडणी करणारा. तो एकेक यंत्र हाताने न लावता एक लिखित आज्ञापत्र तयार करतो, ते चालवले की पन्नास यंत्रे आपोआप उभी राहतात. त्याच्याही वर संपूर्ण रचना आखणारा, सुरक्षा पाहणारा आणि महिन्याचे बिल का फुगले याचा शोध घेणारा.

क्लासचे फलक ज्याला ‘क्लाउड इंजिनिअर’ म्हणतात, तो नवखा मुलगा बहुधा पहिल्या पायरीवर लागतो. दादाही तिथेच लागला. रात्रपाळी, खोपोलीहून ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली. आत्या डबा बांधून देई आणि तो दिवसा झोपे. दोन वर्षे त्याने इशारे पाहिले, तिकिटे फाडली, वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. तो सांगतो, “कंटाळवाणे काम होते, पण कुठला इशारा खरा आणि कुठला उगाच आरडाओरडा करतो, हे मला त्या दोन वर्षांनी शिकवले.”

वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

नवा मदतनीस

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द घरोघरी गेला. या यंत्राने अफाट मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून पुढे काय लिहिले जाणे संभवते, हे ते ताडते. संगणकाची आज्ञापत्रे हाही मजकूरच, यंत्रांच्या नोंदी हाही मजकूरच, ग्राहकाची तक्रार हाही मजकूरच. म्हणून क्लाउडच्या कामात त्याचा शिरकाव फार सहज झाला.

रात्रभरच्या हजारो ओळींच्या नोंदी ते मिनिटभरात चाळते आणि बिघाड कुठे असावा ते सुचवते. एकाच दोषामुळे आलेले दोनशे इशारे एकत्र बांधते. साध्या तक्रारीला उत्तर लिहिते. पन्नास यंत्रे उभी करण्याचे आज्ञापत्र सांगितल्याबरोबर समोर ठेवते. थोडक्यात, पहिल्या पायरीवरचा मुलगा जे जे करी, ते ते हे करते. झोपत नाही, डबा मागत नाही आणि त्याची गाडी चुकत नाही.

त्याच्या चुकाही ऐकून घ्या. ते चुकते तेव्हा चाचरत नाही. सराईत वकिलासारखे ठासून चुकीचे सांगते. माहितीची कोठी सगळ्या जगाला उघडी राहील असे आज्ञापत्र लिहून देईल. एका किल्लीने काम भागत असताना सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मागेल. महागडी यंत्रे सुरू करील आणि बंद करायचे सांगायला विसरेल. बिल मात्र येत राहील. हे पकडायला ज्याला ते काम स्वतः येते, असा माणूसच लागतो.

दिवाळीतली ती दुपार

दिवाळीला दादा आला. म्हणाला, “आमच्या पाळीला नऊ जण होतो, आता चार आहोत. कोणाला काढले असे नाही. जे सोडून गेले त्यांच्या जागी नवे घेतले नाहीत. दोन वर्षांत एकही नवखा मुलगा आमच्यात बसलेला नाही.”

आम्ही बोलत होतो तो दिवस २० ऑक्टोबर २०२५ चा. दुपारी साडेबाराच्या सुमारास त्याचा फोन वाजला आणि मग वाजतच राहिला. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात बिघाड झाला होता आणि जगभरच्या असंख्य सेवा अडखळल्या होत्या. पुढे कंपनीने प्रसिद्ध केलेले कारण वाचण्यासारखे आहे. त्यांच्या एका मोठ्या माहिती-भांडाराचा पत्ता सांभाळण्याचे काम आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांकडे होते. त्यांतल्या एका रेंगाळलेल्याने नव्या यादीवर जुनी यादी चढवली आणि दुसऱ्याने ‘ही यादी जुनी आहे’ म्हणून ती पुसून टाकली. पत्ता कोराच राहिला. भांडार जागेवर होते, पण तिथे कसे जायचे हे कोणालाच सापडेना. यंत्रांना आपली चूक आपण दुरुस्त करता आली नाही. शेवटी माणसांना हात घालावा लागला. हे प्रोग्राम कृत्रिम बुद्धिमत्तेचे नव्हते, साधे ठरावीक नियमांचे होते. पण आपोआप चालणाऱ्या कामाची जोखीम काय असते, ते त्यावरून कळते.

दादाच्या कंपनीचे काही ग्राहक त्या केंद्रावर होते. आत्याच्या ओटीवर फराळाचे ताट बाजूला सारून तो लॅपटॉप उघडून बसला. त्यांच्या कंपनीने नुकताच घेतलेला कृत्रिम मदतनीस नोंदी वाचून म्हणाला, “ही यंत्रे प्रतिसाद देत नाहीत. ती बंद करून नवी सुरू करावीत.” इतर कोणत्याही दिवशी हा उपाय बरोबर ठरला असता. दादाचा हात कळफलकावर गेला, तेवढ्यात फोनवरून त्याचे वरिष्ठ ओरडले, “काही बंद करू नका! आज नवी यंत्रे सुरूच होत नाहीत. जे चालू आहे ते गमवाल!” आणि ते खरे होते. त्या दिवशी त्या केंद्रात कित्येक तास नवी यंत्रे सुरू होण्यात अडथळा होता आणि आधीची मात्र चालू होती. चालू यंत्रे बंद केली असती, तर चांगल्या गाडीतून उतरून न येणाऱ्या गाडीची वाट पाहण्यासारखे झाले असते. खोपोली लोकलने येणाऱ्या माझ्या मैत्रिणींना याहून वेगळे उदाहरण द्यायला नको.

रात्री उशिरा सगळे शांत झाल्यावर मी विचारले, “त्यांना हे कसे सुचले?”

दादा म्हणाला, “कंपनीची सूचना त्यांनी वाचली होती. ती मीही वाचली होती. पण तिचा आपल्या कामाशी संबंध काय, हे त्यांना लगेच कळले. बारा वर्षे रात्री काढल्या आहेत त्यांनी.”

आणि मग तो जे म्हणाला ते मला अजून टोचते. “पण आता नव्या मुलांना त्या रात्री मिळणार कुठे?”

नोकरी जाते की शिकणे जाते?

कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाणार का, यावर आपल्याकडे वादविवाद स्पर्धा होतात. एक बाजू म्हणते सगळे संपले, दुसरी म्हणते यंत्र आले की नवी कामे येतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

नवी कामे येतात हे खरेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतः क्लाउडवरच चालते. तिला लागणारी विशेष यंत्रे महाग, प्रचंड वीज पिणारी आणि भयंकर तापणारी असतात, म्हणून डेटा सेंटरे वाढत आहेत. तिथे वीजतंत्री लागतात, शीतयंत्रे सांभाळणारे लागतात, जनरेटरवाले लागतात. तुटलेली केबल गप्पा मारून जोडली जात नाही. आपल्या भागातल्या आयटीआयच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. विजेची साठवणही वाढवावी लागते. टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात २०२३ साली झालेल्या करारात भिवपुरीला १००० मेगावॉटचा आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. म्हणजे विजेची मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी वीज करणाऱ्या आपल्या डोंगराला पुन्हा काम लागले आहे.

पण खोपोलीचा इतिहास दुसरीही गोष्ट सांगतो. वीज आली तेव्हा गिरणीत भट्टीवाला गेला आणि वायरमन आला. कागदावर एक वजा, एक अधिक. परंतु भट्टीवाला तो वायरमन झालाच असे नव्हे. कामे मोजली की हिशेब जुळतो. माणसे मोजली की जुळत नाही.

आणि क्लाउडच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भट्टीत कोळसा ओढण्याने कोणी वायरमन होत नसे. इथे मात्र खालचे कंटाळवाणे काम हीच वरच्या कामाची शाळा होती. कृत्रिम बुद्धिमत्ता आज चुकते, तेव्हा तिला अडवणारी माणसे आहेत, कारण ती या शाळेतून शिकून वर गेली आहेत. शाळाच बंद केली, तर दहा वर्षांनी “काही बंद करू नका!” असे ओरडणारा कोण असेल? नवख्याला न घेण्यात कंपनीचा आजचा पगार वाचतो. उद्याचा जाणकारही त्याबरोबर जातो.

वरचे सुरक्षित आहेत असेही कोणी समजू नये. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, त्यात मधल्या आणि वरच्या श्रेणीतले जास्त होते. कारण म्हणून कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतले नाही. कौशल्य आणि हाती असलेले काम यांचा मेळ बसत नाही असे सांगितले. कारण कोणतेही असो, एकदा शिकले की जन्माची सोय झाली, हा समज मात्र गेला.

मग बांगड्यांचे काय?

क्लासमध्ये जाऊन मी अभ्यासक्रम मागून पाहिला. पहारा, तिकिटे, ठरावीक आज्ञापत्रे: सहा महिन्यांत नेमके तेच शिकवणार होते, जे यंत्र आता करू लागले आहे. ‘हमी’ म्हणजे काय असे विचारले, तर मुलाखतीला पाठवण्याची हमी, असे उत्तर मिळाले. घरी येऊन मी आईला सांगितले, “बांगड्या राहू देत.” बाबांनी चष्मा काढून पुसला. हिशेब जुळला होता वाटते.

याचा अर्थ मी या वाटेला पाठ फिरवली असा नाही. दादाने त्याचा जुना संगणक दिला आहे. त्यावर लिनक्स बसवायला मला चार दिवस लागले, तीनदा बिघडले, चौथ्यांदा जमले. ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर एनपीटीईएलचे क्लाउडवरचे पाठ फुकट पाहता येतात. पैसे लागतात ते परीक्षेला बसायचे असल्यास. ते मी रात्री पाहते. कृत्रिम मदतनीसही वापरते, पण एक नियम केला आहे. आधी स्वतः करून पाहायचे, मग त्याला विचारायचे आणि त्याने जे सांगितले ते का, हे समजल्याशिवाय पुढे जायचे नाही. वेळ फार जातो. दादा म्हणतो, तो वेळ हीच फी समज.

शेवटी आमच्या गुरुजनांना एक विनंती. कार्यालयात नवे संगणक आल्यावर जुने अडगळीत पडतात. त्यांतले दोन-तीन आम्हांला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात मांडू द्यावेत. आम्ही ते एकमेकांना जोडू, बिघडवू, पुन्हा दुरुस्त करू आणि कोणता इशारा खरा, कोणता खोटा हे शिकू. कंपन्यांनी पहिली पायरी काढून घेतली असेल, तर ती आपल्याला घरच्या घरी बांधावी लागेल. फार खर्च नाही. एक टेबल, एक पंखा आणि रविवारी ग्रंथालयाची किल्ली एवढे मिळाले तरी चालेल. लोकल वेळेवर आली, तर मी साडेआठला हजर असेन.